ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या सापडल्या तर कोणत्या अन् कधीच्या हे कसं ओळखायचं

भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडचे मालगुजारी वाडे आता भराभर विकून राहिले लोक, अन् माळा उतरवला की पितळेची भांडी घरात राहतात पण तबकड्यांचा गठ्ठा सरळ भंगारवाल्याकडे जातो. तुमच्या हाती असा गठ्ठा लागला तर विकायच्या आधी जरा थांबा.

सगळ्यात आधी म्हणजे स्पिरिटनं पुसू नका भाऊ. ७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे फिरणारी, तबकडी लाखेची असते, आपल्या पळसावर अन् बोरीवर होते तीच लाख, अन् ती स्पिरिटमध्ये विरघळते, मग ज्यांत आवाज कोरलेला असतो त्या खाचाच जातात. मऊ ब्रशनं धूळ काढा, फारच मळ असेल तर पाण्यानं ओला करून पिळलेला कपडा फिरवा, लेबलला पाणी लागू देऊ नका. टिनाच्या छपराखाली ठेवू नका, मे महिन्यात वाकते, अन् आडव्या थप्प्या लावण्यापेक्षा उभ्या ठेवा.

आता तारीख. लेबल अन् खाचा यांच्या मधे जो गुळगुळीत काळा पट्टा असतो तो बॅटरीच्या तिरप्या उजेडात पाहा, तिथं बारीक नंबर कोरलेला असतो. तो मॅट्रिक्स नंबर, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा स्वतःचा नंबर. लेबलवर छापलेला मोठा नंबर असतो तो कॅटलॉगचा, दुकानदाराले मागणी करायला. हे दोन वेगळे आहेत हे पक्कं लक्षात ठेवा, कारण चाललेलं गाणं कंपनी वर्षानुवर्षं नवं लेबल लावून काढत राहायची, त्यामुळे लेबल पाहून कळतं ही प्रत कधी छापली अन् मॅट्रिक्स पाहून कळतं गाणारा कधी गायला. माझ्या मते वहीत दोन्ही तारखा वेगळ्या लिहायच्या, एकच लिहिली की ती अर्धवटच.

लेबल वाचायचं कसं तर, ग्रामोफोन कंपनीनं आपल्या देशात पहिलं रेकॉर्डिंग नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात केलं, कंपनीचा रेकॉर्डिंग करणारा फ्रेड गायसबर्ग आला होता, गौहर जान गायल्या. तेव्हा तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापून यायच्या, म्हणून लेबलवर हॅनोव्हर दिसलं तर ती १९०८ च्या आधीची समजा, त्या साली कलकत्त्यात सियालदाहचा कारखाना सुरू झाला. एकाच बाजूला गाणं अन् मागची बाजू कोरी असेल तरी साधारण तोच काळ. लेबलवर पिसानं लिहिणारा देवदूत असेल तर जुनी, भोंग्यासमोर बसलेला एचएमव्हीचा कुत्रा आपल्याकडे १९१५-१६ च्या सुमारास आला. लेबलवर डमडम, म्हणजे कंपनीचा कलकत्त्याजवळचा पुढचा कारखाना, असेल तर ती १९२८ च्या आधीची नाही. मॅट्रिक्सशेजारी बारीक त्रिकोण असेल तर ते विजेच्या मायक्रोफोनवरचं रेकॉर्डिंग, म्हणजे १९२५ च्या नंतरचं, चौकोन असेल तर १९३१ च्याही नंतरचं. मायक्रोफोन यायच्या आधी गाणारे भोंग्यात तोंड घालून गायचे, आवाजात तो फरक कान देऊन ऐकला तर लगेच कळतो, तबला तर जवळजवळ ऐकूच येत नाही.

लेबल फाटलं असेल तर शेवटपर्यंत ऐका. सुरुवातीच्या काळात कलाकार गाणं संपलं की स्वतःचं नाव सांगायचे, जर्मनीत तबकडी छापणाऱ्या माणसाले कळावं म्हणून. मला तर गाण्याइतकंच ते नाव ऐकायला आवडतं.

फिल्मचं गाणं असेल तर बोलपट १९३१ मध्ये आला, मराठीत १९३२ मध्ये, त्याच्या मागं जाताच येत नाही. नावावर मात्र विसंबू नका, कित्येक जुन्या फिल्मी तबकड्यांवर गायिकेऐवजी पात्राचं नाव आहे, १९४९ च्या 'महल'च्या तबकडीवर लता मंगेशकरांच्या जागी 'कामिनी' छापलेलं होतं.

खरी वेगळी चीज म्हणजे परक्या अन् बंद पडलेल्या कंपन्यांच्या. ओडियन, बेका, मुंबईची यंग इंडिया हे दिसलं की बाजूला काढा. तपकिरी, हलकी, कडेला आतून पुठ्ठा दिसतो अशी असेल तर ती निकोल, १९०४-०५ च्या आसपासची, ती तर वाकवूही नका. पाथे कंपनीची जुनी तबकडी आतून बाहेर वाजते अन् तिची खाच उभी कोरलेली असते, तिले गोल टोकाची नीलमण्याची सुई लागते, नेहमीची स्टीलची लावली तर खाच खरवडून निघते. बाकीच्यांसाठी स्टीलची सुई चालते, पण दर बाजूला नवी.

फुटलेली असली तरी फेकू नका, लेबल अन् पट्टा शाबूत असेल तर दोन्ही नंबर मिळतात. दोन्ही बाजूंचे फोटो, दोन्ही नंबर, व्यास इंचात अन् कोणत्या गावातून मिळाली एवढं लिहा. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे, तिथल्या जाणत्यांना ही माहिती पाठवली तर नंबर जुन्या कॅटलॉगशी ताडून पाहता येतो.