ली-एनफिल्डचा बट बदलताना या चुका टाळा

ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश रायफलीचा बट, म्हणजे खांद्याला टेकणारा मागचा लाकडी भाग, डुगडुगायला लागला की लोक थेट स्क्रू ड्रायव्हर उचलतात, आणि सगळा घोळ तिथेच होतो. एसएमएलई मार्क ३ हे ली-एनफिल्डचं मॉडेल आणि तिच्याच साच्यातली १९६० च्या दशकातली इशापूरची ७.६२ मिमी रायफल, दोन्हींत बटचा लांब बोल्ट सॉकेटच्या (बट ज्यात बसतो त्या धातूच्या खोबणीच्या) आरपार जातो. त्याचं चौकोनी टोक पुढच्या, नळीखालच्या लाकडात बसवलेल्या पत्र्याच्या खाचेत अडकतं. बोल्ट आपोआप सैल होऊ नये म्हणून केलेली ही सोय आहे. पुढचं लाकूड जागेवर असताना बोल्ट फिरवला, तर टोक पत्र्याला पिळतं, पत्रा लाकडाला, आणि जुनं अक्रोड मागून उभं चिरतं. सोडवा किंवा आवळा, फरक पडत नाही. "फक्त अर्धा आटा आवळला" हे वाक्य चिरलेल्या लाकडासोबत हमखास ऐकू येतं. नंतरच्या नंबर ४ मॉडेलमध्ये ही भानगड नाही. म्हणूनच तिच्यावर हात बसलेले इथे हमखास फसतात.

क्रम एकच: रायफल रिकामी आहे ना ते बघा, गोळी आत सरकवणारा बोल्ट (बटचा नव्हे) आणि मॅगझिन काढा, मग नळीच्या टोकाची नोजकॅप, ट्रिगर गार्ड, पुढचं लाकूड. नळी लाकडाला धरणाऱ्या आतल्या बँडच्या (पट्टीच्या) स्क्रूची बारीक स्प्रिंग उडते, खाली कापड अंथरा. त्यानंतर बटप्लेट (बटच्या मागच्या टोकाची धातूची पट्टी) काढून आतला नमद्याचा बोळा उपसा आणि फुटभर लांबीच्या, रुंद पात्याच्या स्क्रू ड्रायव्हरने बटचा बोल्ट सोडवा. अरुंद पातं खाच खाऊन टाकतं. परत बसवताना बोल्ट घट्ट होऊन चौकोनाच्या बाजू खाचेशी जुळल्या पाहिजेत. नाही जुळल्या तर डोक्याखाली पातळ वॉशर घाला. चौकोन घासायचा नाही.

लांबी अंदाजाने घेऊ नका. बटवर वरच्या बाजूला एल, एस किंवा बी असा शिक्का असतो. नॉर्मलपेक्षा एल अर्धा इंच लांब, एस अर्धा इंच आखूड, बी एक इंच आखूड.

नवा बट सॉकेटमध्ये सैल वाटला की कागदाची पाचर मारणारे महाभाग आहेत. दहा-वीस फैरींत कागद चेपतो आणि धक्का लाकडाच्या कडेवर येतो. बट जाडच घ्या, सॉकेटला काजळी लावा, दाबून बघा, डाग पडेल तेवढंच खरवडा. पॉलिशपेपर नको, कडा गोल होतात. तासभर लागतो, लागू द्या.

व्हार्निश नको, जवसाचं तेल पातळ थरांत द्या. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून ठेवू नका, आपोआप पेटतात. उघड्यावर पसरून वाळवा.

एसएमएलईचं .३०३ हे भारतात प्रतिबंधित बोअर (नळीचं माप) आहे, तेव्हा इथे हे काम अधिकृत आर्मररचं, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याचं.