गुलमर्गला बोर्ड घेऊन जाण्याआधी

आमच्या ग्रुपमधले तिघं यंदा पहिल्यांदाच स्नोबोर्डिंगला गुलमर्गला निघालेत आणि रोज रात्री एकेकाचा फोन येतोय. तेच ते तीनदा सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. बर्फ पडणं आपल्या हातात नाही. बाकी जवळजवळ सगळं पुण्या-मुंबईत, घरी बसून उरकता येतं. जे घरी उरकलं नाही ते तिथे उणे दहा अंशांत, हातमोजे काढून करावं लागतं.

आधी तारखा. 21 डिसेंबरला काश्मिरात चिल्लई कलां सुरू होते, म्हणजे कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस. पण थंडी आली म्हणून बर्फ आलाच असं नाही. जानेवारी 2024 मध्ये गुलमर्गची कुरणं पिवळी पडलेली होती, लोक स्की भाड्याने न घेताच परतत होते, आणि फेब्रुवारीत मात्र धो धो बर्फ पडला. 2025 मध्ये तर बर्फच नाही म्हणून खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा 22 फेब्रुवारीवरून मार्चच्या 9 तारखेवर ढकलावी लागली. त्यामुळे जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा तिसरा आठवडा धरा, तिकीट तारीख बदलता येईल असंच काढा, आणि किमान सहा रात्री ठेवा. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या केबल कारचा, पहिला टप्पा गुलमर्गहून (2,650 मीटर) मधल्या कोंगडोरी स्थानकाला नेतो आणि दुसरा थेट अफरवट डोंगराच्या खांद्यावर, साधारण 3,950 मीटरवर. वारा सुटला किंवा रात्रभर बर्फ पडला की दुसरा टप्पा बंद. चार दिवसांसाठी गेलात आणि त्यातले तीन दिवस तो बंद राहिला, तर हॉटेलात हीटरसमोर मोजे वाळवत बसाल. गोंडोलाची तिकिटं ऑनलाइन आधीच घ्या, तिथे रांगेत उभं राहून मिळतील या भरवशावर राहू नका.

शरीराचं मी थोडक्यात सांगतो, कारण ते ऐकून कोणी करत नाही. सिंहगड चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव करा, मांड्या तिथेच तयार होतात. आणि एक गंमत वाटेल असा व्यायाम: दोन्ही पाय खांद्याएवढे फाकवून घोट्यांजवळ ओढणीने एकमेकांना सैलसर बांधा, हॉलमध्ये सतरंजीवर पडा, आणि हात न टेकता गुडघ्यांवरून उभे राहायचा प्रयत्न करा. पहिल्या दिवशी तुम्ही बोर्डवर उभे राहण्यापेक्षा बर्फावरून उठण्यातच जास्त दमणार आहात. घरचे हसतील, हसू देत.

पुढचा पाय कोणता हे घरीच ठरवा. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर पळत येऊन घसरा, जो पाय आपोआप पुढे जाईल तो तुमचा. डावा पुढे असेल तर रेग्युलर, उजवा असेल तर गूफी. भाड्याच्या दुकानात हाच पहिला प्रश्न असतो आणि तिथे गोंधळलात की समोरचा माणूस सरसकट डावा पुढे लावून देतो. बाइंडिंगच्या, म्हणजे बूट बोर्डला बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या, कोनाचंही तसंच. सुरुवातीला पुढचा पाय 15 अंश बाहेर, मागचाही 15 अंश विरुद्ध दिशेने बाहेर, बदकासारखा. त्याने गुडघे ताणले जात नाहीत. बोर्डची उंची हनुवटीपासून नाकापर्यंत म्हणतात, पण उंचीपेक्षा तुमचं वजन महत्त्वाचं, कंपनीच्या तक्त्यात वजनच बघा. पाय मोठा असेल तर रुंद बोर्ड मागा, नाहीतर वळताना बुटाचं टोक बर्फात रुततं. पैसे एकाच गोष्टीवर खर्च करायचे असतील तर स्वतःच्या बुटांवर करा. नवीन बूट उभं राहिल्यावर पुढे बोटांना हलकासा लागला पाहिजे आणि गुडघे वाकवल्यावर सुटला पाहिजे, टाच मात्र उचलता कामा नये. आत मोजा एकच, पातळ, लोकरीचा. दोन जाड मोजे घालून पाय गरम राहतो ही ट्रेकिंगमधली आपली अंधश्रद्धा आहे. रक्तपुरवठा दाबला जातो आणि पाय उलट गारठतो.

आता बोर्डवर काय करायचं. बोर्डला दोन पोलादी कडा असतात, टाचेकडची आणि चवड्याकडची. उतारावर आडवं उभं असताना फक्त वरची, म्हणजे डोंगराकडची कड बर्फात रुतलेली हवी. खालची चुकून टेकली की बोर्ड जागच्या जागी अडतो आणि माणूस तोंडावर किंवा पाठीवर आपटतो. याला एज लागणं म्हणतात आणि पहिल्या दोन दिवसांतल्या बहुतेक जखमा याच्या. म्हणून क्रम असा ठेवा: आधी टाचेच्या कडेवर खुर्चीत बसल्यासारखं सरळ खाली घसरणं. मग त्याच कडेवर डावीकडे-उजवीकडे, पिंपळाचं पान झुलत खाली येतं तसं. मग हेच चवड्यावर, नडगी बुटाच्या जिभेवर दाबून. हे चारही प्रकार जमेपर्यंत वळण घेऊ नका. वळणात एक क्षण असा येतो की बोर्डचं नाक, म्हणजे पुढचं टोक, थेट उताराकडे असतं आणि दोन्ही कडा सुटलेल्या असतात. त्या क्षणी घाबरून शरीर मागे जातं. मागे गेलात की नाक हलकं होतं, बोर्ड वळायचं नाकारतो आणि वेग वाढतो. भीतीने जे करावंसं वाटतं त्याच्या नेमकं उलटं करायचं असतं. माझा तिथला शिक्षक दिवसभर एकच वाक्य ओरडायचा, ‘‘साब, वेट आगे!’’ मी म्हणायचो, आगे ही है. संध्याकाळी त्याने मोबाइलवर काढलेला व्हिडिओ दाखवला. मी शौचालयात बसल्यासारखा मागे वाकलो होतो. तुमचाही व्हिडिओ पहिल्याच दिवशी काढून घ्या. भुसभुशीत खोल बर्फात मात्र वजन किंचित मागे ठेवायचं, नाहीतर नाक खाली बुडतं, पण तो धडा नंतरचा. पडताना मुठी आवळून हातांच्या कोपर ते मनगट या भागावर पडा, पंजा टेकवलात तर मनगट गेलं. पाठीवर पडताना हनुवटी छातीला. मनगटाचे गार्ड, हेल्मेट आणि पॅड असलेली शॉर्ट्स इथूनच न्या.

बोर्डची देखभाल हा माझा आवडता भाग, आणि सगळ्यात जास्त हेळसांड होते तीही याचीच. स्वतःचा बोर्ड असलेल्यांनी पुढचं सावकाश वाचा, भाड्याने घेणाऱ्यांनी निदान कडेवरून नख फिरवून बघायला शिका. नखाचा पातळ पापुद्रा निघाला तर धार आहे, नख नुसतं सरकलं तर दुसरा बोर्ड मागा.

मी माझा पहिला बोर्ड एप्रिलमध्ये आणून तसाच माळ्यावर टाकला. मधे एक पावसाळा गेला. डिसेंबरात बॅग उघडली तर दोन्ही कडा तांबूस झालेल्या, आणि अंगठ्याने पुसलं तर अंगठाही तांबूस. युरोपातल्या माणसाला उन्हाळ्यात बोर्ड कुठे ठेवायचा हा प्रश्न फारसा पडत नसेल, आपल्याला जून ते सप्टेंबर पडतो. वरवरचा गंज असेल तर रबरासारखा जो घासायचा दगड मिळतो, त्याने जातो. खोल खड्डे पडले असतील तर कानस लागते, आणि कानस हातात धरून मारायची नाही, कोन धरून ठेवणाऱ्या साच्यातच बसवायची. नवख्यांनी टोकाकडच्या आणि शेपटीकडच्या वळणावर कडा मुद्दाम थोड्या बोथट कराव्यात, एज लागणं कमी होतं.

वॅक्स (बोर्ड नीट घसरावा म्हणून तळाला द्यायचं मेण) घरीच करा, अवघड नाही. बाइंडिंग काढा किंवा निदान स्क्रू सैल करा, नाहीतर उष्णतेने बेसला, म्हणजे बोर्डच्या तळाला, त्या जागी खळगे पडतात. बोर्ड दोन स्टुलांवर उलटा ठेवा. इस्त्री जुनी, वाफेची भोकं नसलेली घ्या, आणि एकदा वॅक्सला लावली की ती कपड्यांना पुन्हा लावायची नाही. हे घरात आधीच जाहीर करून टाका. वॅक्सची वडी इस्त्रीला टेकवून बोर्डभर थेंब पाडा, मग इस्त्री सतत फिरवत पसरवा. धूर निघाला तर इस्त्री जास्त तापलीये. एका जागी थांबलात तर बेस जळतो, आणि जळलेला बेस पुढे वॅक्स पीत नाही. बोर्डच्या वरच्या बाजूला, जी आता खाली आहे, हात लावून बघा, कोमट लागली की पुरे. तासभर, जमलं तर रात्रभर थंड होऊ द्या. मग प्लास्टिकच्या पट्टीने नाकाकडून शेपटीकडे खरवडून काढा. अनेकांना इथे जीवावर येतं, एवढं लावलेलं काढायचं कशाला म्हणून. पण जे काम करतं ते बेसच्या आत मुरलेलं, वर राहिलेलं नुसतं चिकटतं. खोबऱ्याच्या किसासारखा पांढरा चुरा गॅलरीभर उडतो. आमच्या कामवाल्या मावशींनी तो एकदा झाडला आणि दुसऱ्या दिवशी स्वच्छ फरशीवर स्वतःच घसरल्या. तेव्हापासून मी खाली जुनी चादर अंथरतो. शेवटी नायलॉनचा ब्रश. वडी सर्व तापमानांची असते ती घ्या. जानेवारीच्या कोरड्या थंडीसाठी कडक आणि मार्चसाठी मऊ असे प्रकार मिळतात, पण एका सहलीसाठी एवढं नको.

आणि स्क्रू. बाइंडिंगचे स्क्रू सहा मिलिमीटरचे असतात आणि त्यांचं डोकं साध्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरचं नसतं, पोझिड्राइव्ह क्रमांक 3 लागतो. हार्डवेअरच्या दुकानात ‘चार पाकळ्यांचा द्या’ म्हटलं की फिलिप्स देतात. तो घसरतो आणि डोकं खाऊन टाकतो. पहिल्या वर्षी कोंगडोरीला माझा मागचा बाइंडिंग गोल फिरायला लागला. चारपैकी दोन स्क्रू कुठेतरी बर्फात गेले होते. मनालीच्या एका पोराने खिशातून दोन स्क्रू काढून दिले, वर पैसेही घेतले नाहीत. तेव्हापासून माझ्या जॅकेटच्या आतल्या खिशात आखूड पोझिड्राइव्ह आणि सहा स्क्रू असतात, आणि रोज सकाळी गोंडोलात बसण्याआधी मी आठही स्क्रू तपासतो.

सामानात दोन गोष्टी लोक विसरतात. बाहेरच्या राज्यांतलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मिरात चालत नाही, ग्रुपमधल्या निदान दोघांकडे पोस्टपेड हवं. आणि परदेशातल्या भावाने दिलेलं उपग्रहावर चालणारं संदेशयंत्र नेऊ नका. परवान्याशिवाय ते भारतात बेकायदा आहे. बोर्डच्या बॅगेचं वजन घरीच करा, विमानात साधारण 15 किलोच मोफत असतं. विम्यात साहसी खेळ धरलेत का ते पॉलिसी उघडून वाचा, एजंटचं ‘हो हो’ पुरेसं नाही.

हिमस्खलनाबद्दल मी कडक बोलणार आहे. पहिल्या वर्षी सुरक्षित उतार आखणाऱ्या दोरीच्या बाहेर जायचं नाही. 1 फेब्रुवारी 2023 ला अफरवटच्या उतारावर दोन पोलिश स्कीअर हिमस्खलनात दगावले, 22 फेब्रुवारी 2024 ला खिलनमर्गच्या बाजूला एक रशियन. ही काही नवखी माणसं नव्हती. बाहेर जायचंच असेल तर ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं रेडिओयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाकडे हवं, वापरता यायला हवं, आणि सोबत स्थानिक गाइड हवा. पहिले तीन दिवस तुम्हाला गोल्फ मैदानाजवळचे सौम्य उतारच पुरतील.

स्पर्धा बघायची असेल तर खेलो इंडियाच्या तारखा आधी बघा. स्की-स्नोबोर्डच्या स्पर्धा 2020 पासून गुलमर्गला होतात, आणि त्या दिवसांत खोल्या मिळत नाहीत, काही उतारही बंद असतात. तरी जमलं तर एक दिवस ठेवा. स्नोबोर्डच्या स्लॅलममध्ये, म्हणजे गेटांना वळसे घालत उतरण्याच्या शर्यतीत, प्रत्येक गेटला एक उंच आणि एक बुटकी काठी असते, मधे त्रिकोणी कापड. खेळाडू बुटक्या काठीच्या बाजूने जातो, कारण वळताना त्याचं अख्खं अंग आत कललेलं असतं. कापडाकडे बघू नका, त्याचे गुडघे बघा. वळण गेटपाशी नाही, गेटच्या बरंच आधी सुरू होतं, हे एकदा डोळ्यांनी दिसलं की तुमचंही वळण सुधारतं. बोर्डवर सैन्याची, हिमाचलची आणि काश्मीरची मुलं भारी. लहानपणापासून ती बर्फावर आहेत. महाराष्ट्राची पोरं पदकं आणतात ती आइस स्केटिंगमध्ये, लेहच्या बर्फाच्या रिंकवर. चाकांच्या स्केट्सवर इथे मेहनत करून गेलेली असतात. 2022 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता तो याच गुलमर्ग परिसरातला आरिफ खान. तो स्कीअर, बोर्डवाला नाही, पण तिथल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर त्याचं नाव ऐकाल.

परतताना रोजच्यासारखंच बोर्ड आणि कडा फडक्याने कोरड्या करा, ओला बोर्ड बॅगेत बंद करू नका. श्रीनगर विमानतळावर तीन तास आधी पोचा, तपासण्या बऱ्याच असतात आणि लांब बॅग हमखास उघडायला लावतात. घरी आल्यावर मे संपायच्या आत शेवटचं वॅक्स लावा, ते मात्र खरवडू नका, कडांवरही पसरवून तसंच राहू द्या. बाइंडिंग काढून वेगळे ठेवा, बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका. स्क्रू एका डबीत, डबीवर ‘बोर्ड’ लिहून. आमच्याकडे एकदा ते शिलाई मशीनच्या खणात गेले होते.