मेंढ्या बांधून गवत आटोक्यात ठेवताना

मोकळ्या जागेतील गवतासाठी मी दोन मेंढ्या बांधल्या, तेव्हा खरी अडचण दोराची निघाली: मेंढी खुंटीभोवती फिरत राहिल्याने दोराला पीळ पडून तो आखूड होई आणि वर्तुळाच्या कडेचे गवत तसेच राही. खुंटीपाशी व गळपट्ट्यापाशी फिरती कडी बसवल्यावर हा त्रास थांबला. खुंटी रोज हलवणे मात्र अटळ आहे, कारण मेंढी शेळीप्रमाणे झुडपांचे शेंडे न शोधता गवत जमिनीलगत खुडते, आणि लेंड्यांतून पसरणाऱ्या जंतांच्या अळ्याही गवताच्या बुडाशीच अधिक असतात. झाड दोराच्या टप्प्याबाहेर, पण त्याची सावली आत, अशी जागा उत्तम. मेंढ्यांना एकटेपणा सोसत नाही, म्हणून दोघी एकमेकींना दिसतील, परंतु दोर गुंतणार नाहीत, इतके अंतर मी ठेवतो. बांधलेल्या मेंढीला कुत्र्यांपासून पळता येत नसल्याने रात्री दोघींना गोठ्यात नेतो.