वेब डिझायनरने कोड शिकावा का? शिकावा, पण या चुका टाळा

सरळ सांगतो. वेबसाठी डिझाइन करणाऱ्या माणसाला एचटीएमएल (पानाचा सांगाडा) आणि सीएसएस (त्याचं दिसणं ठरवणारी भाषा) आलंच पाहिजे, जावास्क्रिप्ट (पानाला हालचाल देणारी भाषा) थोडंफार वाचता आलं तरी पुरे, आणि सर्व्हर, डेटाबेस वगैरे नाही आलं तरी काही बिघडत नाही. शिंप्याला मशीन दुरुस्त करता नाही आलं तरी चालतं, पण कापड पहिल्या धुण्यात किती आटतं हे माहीत नसेल तर तो मापं घेऊन करणार काय. शिकावं की नाही यावर वाद घालणारे खूप आहेत, मला त्यात पडायचं नाहीये. लोक कोड ज्या पद्धतीने टाळतात आणि शिकायला घेतला की ज्या पद्धतीने शिकतात, त्यातल्या त्याच त्याच चुका बघून कंटाळा आलाय, म्हणून लिहितोय.

"ते डेव्हलपर बघून घेईल"

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. एका पतसंस्थेच्या साइटचं काम चालू होतं, पूर्ण साइट मराठीत. डिझायनर मुलगी हुशार, फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधली फाइल एकदम नीटनेटकी. फॉन्ट घेतला होता इंटर. आता इंटरमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत, पण फिग्मा गुपचूप दुसरा फॉन्ट लावून मजकूर दाखवतं त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. हेडिंगची लाइन-हाइट (एका ओळीला मिळणारी उंची) अक्षराच्या मापाच्या शंभर टक्के, म्हणजे १, लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधली जागा) जरा वाढवलेलं, कारण सगळं आधी इंग्रजी मजकुरावर बसवलं होतं आणि मराठी शेवटी पेस्ट केलं. डेव्हलपरने आकडे जसेच्या तसे उचलले, वर कार्डांची शीर्षकं एका ओळीत राहावीत म्हणून ओव्हरफ्लो हिडन टाकलं, म्हणजे चौकटीबाहेर जाईल ते कापायचं.

साइट टेस्टिंगला गेली आणि संस्थेच्या मॅनेजरांचा फोन आला, "अहो साहेब, आमचं कर्ज कुठं गेलं? इथं कज लिहिलंय." खरंच, "कर्जासाठी अर्ज" मधले दोन्ही रफार वरून छाटले गेले होते, "ठेवींवरील"चा अनुस्वार गायब, आणि बटणांवरच्या शब्दांची शिरोरेषा अक्षरागणिक तुटलेली. पैशाचे व्यवहार करणाऱ्या संस्थेच्या पहिल्याच पानावर असं दिसणं म्हणजे विश्वासालाच धक्का, आणि मॅनेजरांचा आवाज चढला त्यात काही चूक नव्हतं.

नंतर जे झालं ते जास्त वाईट. डेव्हलपर म्हणाला फॉन्ट खराब आहे, डिझायनर म्हणाली माझ्या फाइलमध्ये बरोबर दिसतंय, फॉन्ट बदलून झाला तरी रफार कापलेलेच, आणि अख्खा दिवस यात गेला. शेवटी मी तिच्या शेजारी बसलो, क्रोममध्ये राइट क्लिक करून इन्स्पेक्ट (पानाचा कोड दाखवणारी खिडकी) उघडलं, लाइन-हाइट १ ची १.४ केली आणि लेटर-स्पेसिंग शून्य केलं. शब्द जागेवर आले. ती म्हणाली, "एवढंच होतं दादा?" एवढंच होतं, पण हा इलाज सीएसएसमध्ये आहे हेच माहीत नसेल तर डिझायनर आपली फाइल दाखवत भांडण्यापलीकडे काय करणार?

कारण साधं आहे. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार लागतो आणि खाली उकार, ऋकार, एकाखाली एक लागलेली जोडाक्षरं, म्हणजे इंग्रजीपेक्षा उभी जागा जास्त. माझी सवय अशी, की मराठी परिच्छेदाला १.६, हेडिंगला १.३ च्या खाली कधीच नाही, आणि लेटर-स्पेसिंग कायम शून्य. फॉन्ट निवडताना त्यात देवनागरी आहे का ते आधी बघतो, मुक्ता, पॉपिन्स, नोटो सान्स देवनागरी यांत आहे. नसलेला फॉन्ट दिला तर ब्राउझर समोरच्या डिव्हाइसमधला लावतो, अँड्रॉइडवर बहुतेक नोटो, विंडोजवर निर्मला, आयफोनवर कोहिनूर, म्हणजे एकाच साइटचे तीन चेहरे आणि त्यातला एकही तुम्ही काढलेला नाही. लोरेम इप्सम या नमुन्याच्या लॅटिन मजकुराऐवजी मी "कर्जांवरील हप्त्यांची पूर्तता, दृष्टी, ट्रॅक्टर, ऱ्हास" असली ओळ टाकून बघतो, जे मोडायचंय ते तिथेच मोडतं.

आणि पानाच्या एचटीएमएल टॅगवर भाषा मराठी लिहा, टेम्प्लेटमध्ये तिथे इंग्रजी लिहिलेलं असतं आणि ते तसंच राहतं. भाषा मराठी दिली की पान मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला कळतं कोणत्या आवाजात वाचायचं आणि काही फॉन्ट आपल्या वळणाचे ल आणि श दाखवतात.

थेट रिॲक्टवर उडी

दुसरं टोक. कोड शिकायचं ठरलं रे ठरलं की लगेच रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीचा कोर्स, कारण जाहिरातीत पगार त्याचा दाखवलेला असतो. एक मुलगा इंटरव्ह्यूला आला होता, पोर्टफोलिओत रिॲक्ट, टेलविंड (सीएसएसचं तयार फ्रेमवर्क) सगळं. म्हटलं हा दोन कॉलमचा फॉर्म मोबाइलवर एका कॉलमचा करून दाखव, तर तो आधी त्यासाठी तयार कोडचं पॅकेज शोधायला लागला. त्याचं मला वाईट वाटलं, कारण मेहनत खरी होती, फक्त पाया सोडून तिसऱ्या मजल्यावर चालली होती. घाई करणाऱ्यांना हे पटत नाही, पण सीएसएसची कल्पना हाकोन विउम ली यांनी १९९४ मध्ये मांडली आणि आजही कोणतंही फ्रेमवर्क घ्या, शेवटी ब्राउझरला तेच सीएसएस मिळतं.

एक एचटीएमएल फाइल, एक सीएसएस फाइल, बाकी काही इन्स्टॉल करू नका. आधी बॉक्स मॉडेल, म्हणजे पॅडिंग, बॉर्डर, मार्जिन कुठून कुठे मोजतात. मग फ्लेक्सबॉक्स (गोष्टी एका रांगेत मांडायची पद्धत), जो फिग्माचं ऑटो लेआउट वापरणाऱ्याला अर्धा आधीच येत असतो, त्याला फक्त ते माहीत नसतं. मग ग्रिड, म्हणजे आडव्या-उभ्या रकान्यांत मांडणी. ग्रिड २०१७ मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारीत जवळपास एकाच वेळी आलं, त्याआधी आम्ही फ्लोट या जुन्या युक्तीवर जी कसरत करायचो ती तुम्हाला करावी लागत नाहीये, मग निदान हे तरी मनापासून शिका.

यालाच लागून एक. कॉम्प्युटरसाठी १४४० आणि मोबाइलसाठी ३७५ पिक्सेल रुंद अशा दोन फ्रेम काढल्या की डिझाइन रिस्पॉन्सिव्ह, म्हणजे कुठल्याही पडद्यावर नीट बसणारं, झालं, असं अजूनही समजतात. इथन मार्कॉट यांनी २०१० मध्ये हा शब्द मांडला तेव्हाच लवचीक ग्रिड, लवचीक इमेज आणि मीडिया क्वेरी (पडद्याप्रमाणे नियम बदलणं) असं तिन्ही सांगितलं होतं, दोन चित्रं नव्हे. ७०० पिक्सेलवर काय होतं? मी विंडोची कड धरून ३२० पर्यंत हळूहळू आत ओढत नेतो आणि जिथे लेआउट फुटतं तिथे ब्रेकपॉइंट (मांडणी बदलायची रुंदी) देतो, फोनच्या मॉडेलची यादी बघून देत नाही.

कोड आला की कल्पना आखडतात

असं म्हणणारे डिझायनर भेटतात. माझा अनुभव उलटा आहे, ग्रिड येणारी माणसं जास्त धाडसी लेआउट काढतात, कारण ते होणार हे त्यांना माहीत असतं. एक मात्र खरं, विचार व्हायच्या आधी एडिटर उघडला की जे पटकन जमतं तेच आपण करतो. म्हणून मी पहिलं स्केच कागदावरच काढतो.

बाकीच्या, पटापट

क्लिक करायची गोष्ट डिव्ह या साध्या डब्याच्या टॅगमध्ये बनवू नका, बटण टॅग वापरा, नाहीतर कीबोर्डच्या टॅबने तिथे पोचताच येत नाही.

फोकसची आउटलाइन (टॅबने पोचल्यावर दिसणारी कड) कुरूप दिसते म्हणून काढून टाकू नका, चांगली काढा.

फिक्या राखाडी रंगाचा मजकूर सोडा. साध्या मजकुराला कॉन्ट्रास्ट (मागच्या रंगाशी उजेडातला फरक) किमान ४.५ ला १, मोठ्या अक्षरांना ३ ला १.

फॉर्मच्या खान्यात अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान ठेवलं की आयफोनची सफारी टॅप केल्यावर पान झूम करते, मग क्लायंट म्हणतो साइट हलते.

मोबाइलवर उंचीला १०० व्हीएच (पूर्ण पडद्याएवढं) दिलं की खालचं बटण ॲड्रेस बारमागे जातं. डीव्हीएच वापरा, ते त्या क्षणी खरी दिसणारी उंची मोजतं.

काही चाललं नाही की इम्पॉर्टंट (हाच नियम चालवा असं सांगणारा सीएसएसचा शब्द) ठोकायचं, ही सवय पहिल्याच महिन्यात मोडा. कोणता नियम वरचढ होतोय ते इन्स्पेक्टमध्ये खोडलेल्या ओळींवरून दिसतं, तिथे बघा.

एआयकडून आलेला कोड तसाच चिकटवणं

एआयने लिहिलेला कोड वापरायला माझी ना नाही, मीही वापरतो. पण न वाचता चिकटवलेला कोड बिघडला की माणूस परत त्यालाच विचारतो, तो आणखी चाळीस ओळी देतो, आणि संध्याकाळपर्यंत फाइल कुणालाच ओळखू येत नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी एकच काम लावतो, आलेल्या कोडमधली जी ओळ समजावून सांगता येत नाही ती बंद करायची आणि पान रीलोड करून काय मोडलं ते बघायचं. काहीच मोडलं नाही तर ती ओळ काढून टाकायची, मोडलं तर ती कशासाठी होती ते कळलं.