विमानप्रवासाचे अंतर आणि वेळ काढताना या चुका टाळा

मुंबईहून दुपारी 1 वाजता सुटणारे विमान लंडनला संध्याकाळी 5 वाजता पोहोचते, असे तिकिटावर दिसले की प्रवास चार तासांचा आहे असे धरणे ही नेहमी आढळणारी चूक आहे. तिकिटावरील प्रत्येक वेळ त्या त्या विमानतळाची स्थानिक वेळ असते. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते; म्हणजे तेथे 5 वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा झालेले असतात आणि प्रवास साडेनऊ तासांचा ठरतो. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत हा फरक साडेचार तासांचा असतो. प्रवासाच्या तासांवरून औषधांच्या वेळा ठरवायच्या असतील, तर ही एका तासाची चूकही महागात पडू शकते. म्हणून दोन्ही वेळा आधी भारतीय वेळेत लिहाव्यात आणि मगच वजाबाकी करावी.

दुसरी चूक अंतराच्या आकड्याची. मुंबई ते लंडनचा हीथ्रो विमानतळ हे हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर, म्हणजेच 3,890 सागरी मैल आहे. सागरी मैल 1.852 किलोमीटरचा असतो. त्याला साधा मैल समजून 1.609 ने गुणल्यास जवळजवळ साडेनऊशे किलोमीटर गायब होतात. सपाट नकाशावर पट्टी ठेवून मार्ग ठरवणेही चुकीचेच, कारण पृथ्वी गोल आहे. मुंबई ते न्यूयॉर्क हा सर्वांत जवळचा मार्ग उत्तरेला सुमारे 65 अंश अक्षांशापर्यंत जातो.

अंतराला ताशी 900 किलोमीटर वेगाने भागून आलेले उत्तर हीच प्रवासाची वेळ, असेही मानू नये. त्या हिशेबाने लंडन आठ तासांवर येते. प्रत्यक्षात पश्चिमेकडे जाताना समोरून येणाऱ्या उंचावरील वाऱ्यामुळे वेळ वाढतो आणि परतीचा प्रवास साधारण तासाभराने लवकर होतो. त्यातच एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी आपली हवाई हद्द बंद केली आणि दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या त्यांच्या विमानांना मोठा वळसा पडू लागला. मुंबई-दिल्ली हे अंतर जेमतेम 1,140 किलोमीटर असूनही वेळापत्रकात दोन तासांहून अधिक वेळ असतो, कारण विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतचा सगळा काळ त्यात धरलेला असतो. लांब पल्ल्याच्या हिशेबात सरासरी वेग हजाराच्या वर किंवा सहाशेच्या खाली आला, तर बहुधा वेळेतील फरक किंवा मैल चुकलेला असतो. आकडेमोड पुन्हा तपासावी.

विमानतळाचे नावही नीट वाचावे. गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत, पहिला दक्षिणेला आणि दुसरा उत्तरेला पेडण्याकडे. पणजीहून निघणाऱ्याने तिकिटावरील विमानतळ पाहूनच गाडी ठरवावी. चुकीच्या विमानतळावर पोहोचल्यास रस्त्यात जाणारा वेळ मुंबईच्या उड्डाणाहून अधिक असू शकतो.