इंग्लंडमध्ये नाग पाळायचाय? आधी परवाना काढा

मी इंग्लंडमध्ये पशुवैद्य आहे आणि धोकादायक प्राण्यांच्या परवान्यासाठी कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या स्थानिक पालिकेच्या, वतीने घरं तपासायला जातो. इथल्या मराठी घरांतली सापांचं वेड असलेली पोरं मला हमखास विचारतात, ‘काका, नाग घरी ठेवता येईल का?’ भारतात नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे आणि पकडलेला नाग घरी ठेवून घ्यायची मुभा सर्पमित्रालाही नाही. ब्रिटनमध्ये 1976 च्या धोकादायक वन्य प्राणी कायद्याखाली परवाना काढून ठेवता येतो. उत्तर आयर्लंडचा कायदा तेवढा वेगळा आहे.

आधी कायद्याची यादी बघा. नाग, घोणस, मगर, वाघ-सिंह त्यात असणार हे कुणीही सांगेल. पण शहामृग आणि रानडुक्करही आहेत. अजगर नाही. सर्व्हल (आफ्रिकेतलं रानमांजर) आणि घरगुती मांजर यांच्यापासून झालेल्या सव्हाना मांजराच्या पहिल्या पिढीला परवाना लागतो, पुढच्या पिढ्यांना नाही.

परवाना हातात येईपर्यंत प्राणी घरात आणू नका. विनापरवाना सापडला तर कौन्सिल तो जप्त करू शकते, भरपाई मिळत नाही, आणि शेवटी जीव जातो तो त्या मुक्या प्राण्याचा. हे मला फार लागतं.

अर्ज जिथे प्राणी राहणार तिथल्या कौन्सिलकडे करायचा. अर्जदार 18 वर्षांचा हवा. शुल्क प्रत्येक कौन्सिलचं वेगळं असतं आणि तपासणीला येणाऱ्या पशुवैद्याचं बिलही तुमच्याच खिशातून जातं, म्हणून आधी फोन करून दोन्ही आकडे विचारून घ्या. तुमच्या प्राण्याने तिसऱ्या माणसाला इजा केली तर ती भरून देणारा विमा बंधनकारक आहे. घराच्या नेहमीच्या पॉलिसीवर विसंबू नका.

आता तपासणी. अर्ज बहुतेक इथेच अडकतो. मी सापाच्या खोलीत शिरण्याआधी दाराखालची फट बघतो. दाराला आत डोकावायला काच हवी आणि दिव्याचं बटण बाहेर, म्हणजे साप पेटीबाहेर असेल तर आत पाय टाकण्याआधीच दिसतो. मग खिडकीची जाळी, पाइप भिंतीतून जातो तिथलं भोक, सांडपाण्याची जाळी. प्रत्येक पेटीला कुलूप आणि वर सापाच्या जातीचं लेबल. आत झडप असलेला लपायचा डबा असावा. साप त्यात गेला की बाहेरून झडप लावायची, मगच सफाई. तापमान, हवा, पाणी, खाणं, आग लागली तर काय करणार, हेही मी विचारतो. उत्तरं कागदावर तयार ठेवा.

दंशाची योजना दाराजवळ लावलेली हवी: कोणाला फोन, कोणतं रुग्णालय, सापाची जात, त्यावर कोणती लस. ‘भारतातून लस आणू’ हे उत्तर मला चालत नाही. हाफकिनसारख्या संस्था बनवतात ती लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर. नागराजावर (किंग कोब्रावर) ती चालत नाही. आणि असा साप हाताळताना घरात दुसरं जाणतं माणूस हवंच. एकट्याने राहणाऱ्याला मी तोंडावर सांगतो की विषारी साप ठेवू नकोस.

परवाना दोन वर्षांचा असतो. 2010 पूर्वी तो वर्षाचाच मिळे. त्यावर जात, संख्या आणि पत्ता लिहिलेला असतो. घर बदलायचं असेल, दुसरा साप घ्यायचा असेल किंवा जोडी लावून पिल्लं काढायची असतील, तर आधी कौन्सिलला कळवून परवान्यात बदल करून घ्या. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधी दिला, तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू धरतात. मुदत उलटू दिलीत, तर तोच नाग विनापरवाना ठरतो.