ढगाळ हवा लागली. घरातला बोन्साय आजच काचेजवळ सरकवा

आभाळ भरून राहायचे दिवस आले की घरातल्या बोन्सायची पाने गळायला लागतात आणि एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: कोणते औषध मारू? औषध राहू द्या. आधी कुंडी खिडकीच्या काचेपासून किती लांब आहे ते बघा. वीतभर असेल तर ठीक. दोन-तीन हात आत असेल, टीव्हीशेजारी किंवा कोपऱ्यातल्या टेबलावर असेल, तर पुढचे वाचण्याआधी उठा आणि ती काचेजवळ नेऊन ठेवा.

कीड आणि रोग या दोन्हींनी मिळून मेलेली झाडे मी जेवढी पाहिली, त्याहून कितीतरी जास्त झाडे अंधारात उपाशी राहून मेलेली पाहिली आहेत. मालकाला ते कळत नाही, कारण आपले डोळे कमी उजेडाला लगेच सरावतात. 'आमच्या हॉलमध्ये भरपूर उजेड आहे' असे सगळेच म्हणतात. भर उन्हात उघड्यावर सुमारे १ लाख लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचे एकक) प्रकाश असतो. पूर्ण ढगाळ दिवशीही बाहेर १० हजार लक्सच्या आसपास मिळतो. त्याच वेळी खोलीच्या मधोमध १०० ते ३०० लक्स भरतो. आपल्याला तेवढ्यात पेपर वाचता येतो, पण झाडाचे त्यावर पोट भरत नाही. फायकससारख्या (वड-पिंपळाच्या कुळातल्या) झाडाला आखूड पेरांनी, भरदार वाढायचे तर पानांवर १० ते १५ हजार लक्स, रोज १२ तास तरी हवा.

मोबाइलवरचे लक्स मोजायचे अॅप अचूक नसते, पण काचेजवळचा आणि टेबलावरचा आकडा शेजारी ठेवून बघा, फरक डोळ्यांत भरेल. अॅप नसेल तर कुंडीच्या जागी कोरा कागद ठेवा आणि त्यावर वीतभर उंचीवर हात धरा. बोटांची सावली वेगवेगळी, ठळक दिसली तर जागा चांगली. नुसता धूसर डाग दिसला तर जेमतेम. सावलीच पडली नाही तर ती जागा झाडाची नव्हे.

शेंडा नीट पाहिला तर झाड आधीच सांगत असते. नवी पाने जुन्यांपेक्षा मोठी, पातळ आणि फिकट येतात, दोन पानांमधले पेर लांबते, फुटवा काचेकडे झुकतो. मग आतल्या बारीक काड्या वाळायला लागतात. माझा अनुभव असा, की आतली काडी वाळली तेव्हा प्रकाश कमी पडून बरेच दिवस झालेले असतात. पुस्तकात याला मोजमाप सापडणार नाही, पण मी त्यावर विश्वास ठेवतो.

आता खरा घात कुठे होतो ते सांगतो. प्रकाश कमी झाला की पाने पाणी कमी ओढतात. उन्हाच्या दिवसांत रोज लागणारे पाणी आता कुंडीत तसेच साचून राहते. पाने पिवळी पडली की मालकाला वाटते झाड तहानले, आणि तो आणखी पाणी घालतो. अशा कुंडीतले झाड उपटून बघा: मूळ तपकिरी, मऊ झालेले असते. चिमटीत धरून ओढले तर वरची साल मोज्यासारखी निघून येते आणि हातात आतला दोरा तेवढा राहतो. ही मूळकूज. तिची सुरुवात पाण्याने झाली असे दिसते, पण मूळ कारण तो कोपरा आहे. म्हणून ढगाळ दिवसांत पाण्याचे वेळापत्रक सोडा. बोट पेरभर मातीत घाला, वाफसा आला असेल, म्हणजे माती नुसती ओलसर, चिकट नसेल, तरच पाणी द्या. कुंडी रोज उचलून वजनाचा अंदाज घ्यायची सवय लागली तर त्याहून चांगले.

मुळे कुजलीच असतील तर कुजका भाग छाटून निचऱ्याच्या मोकळ्या माध्यमात झाड बसवा आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड (५० टक्के) हे बुरशीनाशक २.५ ग्रॅम प्रति लिटर पाण्यात मिसळून आळवणी करा, म्हणजे ते पाणी मुळाशी ओता. ट्रायकोडर्मा (मुळांसाठी वापरतात ती उपयोगी बुरशी) त्यासोबत देऊ नये. आणि हे सगळे करून कुंडी पुन्हा त्याच कोपऱ्यात ठेवणार असाल तर औषध वाया गेले समजा.

या दिवसांतली नेहमीची कामे:
- काच आतून-बाहेरून पुसणे, पडदा बाजूला
- पानांवरची धूळ ओल्या फडक्याने काढणे
- आठवड्याला कुंडी पाव फेरा फिरवणे
- ताटलीत साचलेले पाणी ओतून देणे
- मोठी छाटणी, पाने काढणे, कुंडी बदलणे बंद (मूळकूज झाली तरच अपवाद)
- खत निम्मे. नवी फूट नसेल तर अजिबात नाही

खिडकीच अंधारी असेल तर दिवा लावा. इथे दुकानदार जांभळ्या उजेडाचा महागडा दिवा पुढे करेल. गरज नाही. साधा पांढरा एलईडी, ४००० ते ६५०० केल्विनचा (उजेडाच्या रंगछटेचा हा आकडा खोक्यावर असतो), २० ते ३० वॅटचा, शेंड्यापासून वीतभर ते दीड वीत उंचीवर टांगा. छताला लावला तर त्याचा उपयोग नाही. अंतर वाढले की प्रकाश झपाट्याने घटतो. टायमर लावून रोज १२ ते १४ तास चालू ठेवा, रात्री अंधार द्या. पानांजवळ हात धरून बघा. ऊब जाणवली तर दिवा थोडा वर घ्या.

'बोन्साय टॉनिक', 'बूस्टर', हिरवेपणा आणणाऱ्या बाटल्या या दिवसांत जोरात खपवल्या जातात. खत हा कच्चा माल आहे, अन्न पानेच प्रकाशात शिजवतात. उजेड नसताना टाकलेले खत मातीत क्षार होऊन साचते आणि उरलेली मुळे जाळते. ते पैसे दिव्याला घाला.

अशक्त झाडावर पिठ्या ढेकूण, खवले कीड आणि लाल कोळी लवकर बसतात. पानांची मागची बाजू आणि काडीचे बेचके तपासा. थोडी कीड असेल तर ओल्या कापसाने पुसून काढा. जास्त असेल तर ५ टक्के निंबोळी अर्काची फवारणी संध्याकाळी, शक्यतो घराबाहेर करा आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा करा.

झाडाझाडात फरक आहे. शेफ्लेरा कमी उजेड बराच सोसतो, फायकस मध्यम, जेड आणि कार्मोना अजिबात नाही. जुनिपर आणि पाइन मात्र घरात ठेवूच नका, कितीही चांगली खिडकी असली तरी. जुनिपर मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवा दिसतो, आणि विकणाऱ्याला ते ठाऊक असते. घेताना फांदीवर नखाने हलकेच खरवडा. सालीखाली ओला हिरवा रंग दिसला तरच झाड जिवंत.

आभाळ उघडले की घाईने झाड कडक उन्हात ठेवू नका. अंधारात आलेली पाने एका दुपारीत करपतात. पहिले चार दिवस सकाळचे तासभर ऊन, मग दर दोन-तीन दिवसांनी थोडे थोडे वाढवत दोन आठवड्यांत पूर्ण उजेडात आणा. या काळात माती लवकर वाळेल, तेव्हा बोट मात्र रोज मातीत घाला.